हात जन्माचे, हत्यार दिलेलं

आमच्या फॉर्मवर शेवटून तिसरा रकाना होता, ‘कोणत्या प्रकारच्या कामाची आवड आहे?’ नाशिक जिल्ह्यातल्या वणीत अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला मी सव्वीस वर्षं बागायती हा विषय शिकवला. मुलांशी बोलून त्यांना वाट दाखवणं आणि बारावीनंतर कुठेतरी कामाला लावणं ही जबाबदारीही त्याबरोबर माझ्याकडे आली. कागदावर तिला समुपदेशन व रोजगार साहाय्य म्हणत. दर जानेवारीत मी हा फॉर्म मुलांकडून भरून घ्यायचो. त्या रकान्यात बहुतेक मुलं एकच उत्तर लिहायची, ‘जे मिळेल ते.’

2017 सालच्या जानेवारीत सुरगाण्याकडच्या एका मुलाने तो रकाना कोराच ठेवला. हा मुलगा माझ्या चांगला लक्षात होता. त्याचे आईवडील द्राक्षांच्या ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीला दिंडोरी तालुक्यात उतरायचे ते थेट खुडणी संपेपर्यंत बागेच्या कडेला ताडपत्रीखाली राहायचे. पोरगं वसतिगृहात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्याच्या हातात कात्री दिली की बाकीची मुलं आपली कामं थांबवून त्याच्याकडे बघत राहायची. काडी दोन बोटांत फिरवून तो डोळे मोजायचा आणि नेमक्या डोळ्याच्या वर कात्री चालवायचा. एकदाही परत बघायचा नाही. मी पुस्तकातून शिकलेलो माणूस. मला तो वेग कधी आला नाही.

त्याच आठवड्यात एका बागाईतदाराने माझ्याकडे मुलगा मागितला होता. राहायला खोली देणार होता, पगारही बरा होता. मी त्या कोऱ्या रकान्यात माझ्या हाताने ‘द्राक्षबाग’ लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचलं. मग खाली बघत म्हणाला, “सर, माझा बाप छाटणीच करतो. बारावी करून मीपण छाटणीच करायची का?”

मी त्याला काहीतरी उत्तर दिलं. श्रमाला प्रतिष्ठा असते, कोणतंही काम हलकं नसतं, असंच काहीतरी. तो सही करून गेला. रात्री मला झोप लागली नाही, कारण मी दिलेलं उत्तर खोटं नव्हतं आणि तरीही मी त्याच्याशी खोटं बोललो होतो. ते नेमकं कुठे खोटं होतं, हे शोधण्यात माझी पुढची काही वर्षं गेली. हा लेख त्या शोधाचाच आहे.

प्रश्न जुना आहे. माणसाचं काम कोण ठरवतं? गीतेने त्याला स्वधर्म हा शब्द दिला आणि तो शब्द आपल्या घराघरांत पोचला. दुसऱ्याचा धर्म कितीही चांगला दिसला तरी आपला तो आपला. पण आपला म्हणजे कुठला? जन्माने हाती आलेला, की आपण शोधून काढलेला?

चैत्रात खानदेशातली माणसं आमच्याजवळच्या सप्तशृंगी गडाकडे पायी जातात. धुळे, जळगावकडून आलेली, उन्हाने रापलेली, पायांना फडकी बांधलेली. त्यांना बघताना मला 1932 साल आठवतं. त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. त्यात स्वधर्माविषयी विनोबांचं म्हणणं असं, की तो शोधायला कुठे जावं लागत नाही. आई जशी आपण निवडून घेत नाही, तसाच स्वधर्मही आपल्या जन्माबरोबर आपल्याकडे येतो. मी हे पुस्तक तरुणपणापासून वाचत आलो आणि त्या जागी मला नेहमी धीर यायचा. पण त्या जानेवारीनंतर तेच पान वाचताना मला त्या मुलाचा खाली घातलेला चेहरा दिसू लागला. विनोबा खरे असतील, तर मी त्याच्या रकान्यात लिहिलेला शब्द बरोबरच होता. मग मला एवढं लागलं का?

वणीहून दुसऱ्या दिशेला येवला आहे. तिथे 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं, की आपण हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. जन्माने जे अंगावर आलं ते नाकारण्याचा माणसाचा हक्क, हा त्या दिवसाचा अर्थ मी समजतो. पुढच्याच वर्षी छापलेल्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात त्यांनी माझ्या रकान्याविषयीच लिहून ठेवलं आहे, असं मला वाटतं. जातीने कामाबरोबर काम करणारी माणसंही कायमची वेगळी करून टाकली, आणि कामाच्या या वाटणीत माणसाची आवड आणि कल यांना काही जागाच ठेवली नाही, असा त्यांचा मुद्दा. आवड! सरकारी फॉर्मवर छापलेला हा साधा शब्द शेकडो वर्षं या देशातल्या बहुसंख्य माणसांना विचारलाच गेला नव्हता. त्या मुलाच्या घराण्यात तो प्रश्न पहिल्यांदा त्यालाच विचारला गेला. आणि त्याने उत्तर द्यायच्या आधी मीच ते भरून टाकलं.

धुळे आणि येवला ही दोन्ही गावं वणीहून सकाळी निघून रात्री परत येण्यासारखी. अवघ्या साडेतीन वर्षांच्या अंतराने झालेली ही दोन भाषणं माझ्या टेबलावर समोरासमोर बसली होती आणि मला त्यांच्यातून वाट काढायची होती.

विनोबांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. हा माणूस ब्राह्मणाच्या घरात जन्मला. जन्मच जर शेवटचा शब्द असता, तर त्यांनी वेद शिकवत आयुष्य काढलं असतं. त्यांनी टकळीवर सूत काढलं, चरखा चालवला, आणि पुढे पवनारजवळच्या सुरगावात खांद्यावर फावडं घेऊन रोज मैला साफ करायला गेले. त्यांच्या वाक्यापेक्षा त्यांचं आयुष्य मला अधिक खरं वाटतं. पण तेच फावडं दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जन्मापासून असतं आणि खाली ठेवायची सोय नसते, तेव्हा ते फावडं तेच राहत नाही.

आपल्या संतांची उदाहरणं आम्ही शिक्षक फार सैलपणे देतो. मीही दिली आहेत. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, तू तुझ्या कामात पाहा. गोरोबांनी मातीत पाहिला, नरहरी सोनारांनी सोन्यात. हे खरं आहे, सुंदर आहे. पण याच मालिकेत चोखोबाही आहेत. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. ती भिंत बांधणं हे त्यांनी निवडलेलं काम नव्हतं. ज्या देवळातल्या देवासाठी त्यांचा जीव तुटत होता, त्या देवळात त्यांना जाता येत नव्हतं. चोखोबांची भक्ती कुणाहून उणी नव्हती. म्हणून कुणी मुलांपुढे ‘काम हीच पूजा’ असं म्हणतं, तेव्हा मला मंगळवेढ्याची भिंत आठवते. काम पूजा आहे की नाही, हे बोलण्याचा पहिला हक्क ते काम करणाऱ्याचा आहे. त्याच्या वतीने मी ते बोललो, तर मी त्याच्या मजुरीवर देवाचं नाव लिहून ती स्वस्त करतो. त्या रात्री माझ्या उत्तरात खोटं होतं ते हेच.

माझे वडील सुतार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पाभर, तिफण, गाडीची चाकं, दारांच्या चौकटी, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. त्यांच्या पेटीत वाकस, रंधा, पटाश्या, गिरमिट, गुण्या असायचं आणि मला त्या पेटीला हात लावायची मनाई होती. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा पटाशी घेऊन लाकडाचा तुकडा कोरत बसलो होतो. अण्णांनी ती हातातून काढून घेतली, पेटीत ठेवली आणि कडी लावली. “तुझ्या हातात पेन पाहिजे,” एवढंच बोलले. त्यांनी माझ्यासाठी एक दार उघडलं आणि त्याच वेळी एक बंद केलं. मला लाकूड आवडत होतं. अण्णांनी मला विचारलं नाही. मी त्या मुलाला त्याच्या बापाच्या कामात ढकललं आणि अण्णांनी मला त्यांच्या कामातून बाहेर ढकललं. दोन्ही ठिकाणी प्रेम होतं. प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी विचारायचा राहून गेला.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न आणता गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन काम शिकावं. ते वाचलं तेव्हा अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या मनात आलं, की आमच्या दारात वकिलाचा मुलगा, सराफाचा मुलगा रंधा धरायला आला असता, तर अण्णांनी ती पेटी माझ्यासमोर कडी लावून बंद केली असती का?

आता गडावरच्या आईबद्दल.

सप्तशृंगीला अठरा हात आहेत. साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ, पण आमच्या भागात अर्धं असं कुणी मनात आणत नाही. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी तिचं माहात्म्य सांगत बसले आणि ते ऐकायला तिने मान कलती केली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. 2022 साली मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढला आणि पिढ्यान्‌पिढ्या झाकलेलं मूळ रूप दिसलं. त्या नवरात्रात मी वर गेलो. रोपवे आहे, पण गुडघे साथ देतात तोवर मी पायऱ्यांनीच जातो. गर्दीत मिळाले ते चार-दोन क्षण मी तिच्या हातांकडे बघत होतो.

घरी येऊन सप्तशतीचा दुसरा अध्याय पुन्हा काढला. देवांच्या तेजातून देवी प्रकटते, ती हात घेऊन प्रकटते. पण ते हात रिकामे असतात. मग एकेक जण पुढे येतो. शंकर आपल्या त्रिशुळातून त्रिशूळ काढून देतो, विष्णू आपल्या चक्रातून चक्र. वरुण शंख देतो, अग्नी शक्ती, वायू धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते. इंद्र वज्राबरोबर ऐरावताच्या गळ्यातली घंटाही देतो. ब्रह्मदेव माळ आणि कमंडलू देतो. आणि विश्वकर्मा, आम्हा सुतारांचा मूळ पुरुष, आपली लखलखीत कुऱ्हाड देतो.

हे मी शंभरदा वाचलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की यातलं एकही आयुध तिच्या हातात जन्मापासून नव्हतं. महिषासुराला मारणारी शक्ती तिची, पण हत्यार दिलेलं. आणि देणाऱ्यांनी अडगळीतलं काही दिलं नाही. ज्याच्यासाठी जो ओळखला जातो, तेच त्याने दिलं. दिल्यानंतर तिने ते कसं चालवावं, यावर कुणी बोलला नाही.

माझ्यापुरतं स्वधर्माचं कोडं तिथे सुटलं. विनोबा म्हणतात तसे हात जन्माबरोबर येतात. कुणाचे चपळ, कुणाचे सावकाश, कुणाला काडी कळते, कुणाला तार. ते नाकारून चालत नाही. पण त्या हातात काय जाईल, हे जन्म ठरवत नाही. ते देणाऱ्यांवर आहे आणि घेणाऱ्याच्या पसंतीवर आहे. बाबासाहेबांनी लढा दिला तो या देण्याघेण्यासाठी. चवदार तळ्याचं पाणी असो, काळारामाचं दार असो की कॉलेजची पदवी, आमच्या हातांपर्यंत येऊ द्या, हेच मागणं होतं. आणि मार्गदर्शन करणाऱ्याचं पहिलं काम कोणतं, तेही मला तिथेच दिसलं. मान कलती करून ऐकणं.

ही श्रद्धेची भाषा झाली. ती व्यवहारात उतरवताना काय होतं, तेही सांगतो.

1986 च्या शैक्षणिक धोरणाने ठरवलं होतं, की उच्च माध्यमिकची 10 टक्के मुलं 1990 पर्यंत आणि 25 टक्के मुलं 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळतील. आपण तिथवर पोचलो नाही. कारण गावात विचारलं तर कुणीही सांगेल. व्होकेशनल म्हणजे ज्याला सायन्सला, कॉमर्सला प्रवेश मिळाला नाही त्याची जागा. 1986 सालीच शिकाऊ उमेदवारीच्या 1961 च्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारावी व्यवसाय अभ्यासक्रमाच्या मुलांसाठी एक वर्षाच्या उमेदवारीची सोय झाली. मालकाने विद्यावेतन द्यायचं, त्यातला अर्धा वाटा सरकारने परत करायचा. कायदा चांगला आहे. पण तो मुलापर्यंत पोचवायला कुणाला तरी सातपूरला, अंबडला, ओझरला, मोहाडीच्या पॅकहाऊसला खेटे घालावे लागतात, फोन करावे लागतात, एसटीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते पाहावं लागतं.

एका वर्षी मी इलेक्ट्रिकलच्या चार मुलींना नाशिकजवळच्या एका कारखान्यात उमेदवारीला लावलं. त्यातल्या एकीच्या आईला राजी करायला मी तिच्या घरी तीनदा गेलो होतो. “मुलीची जात, खांबावर चढणार का?” असं ती म्हणायची आणि मी तिला पॅनेल बोर्ड, वायंडिंग, टेस्टिंग अशी कामं समजावून सांगायचो. अडीच महिन्यांनी मी भेटायला गेलो. चौघी खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत होत्या आणि पाळी संपली की शेड झाडत होत्या. वायरला त्यांचा हात लागला नव्हता. मी साहेबांना भेटलो. ते म्हणाले, “मास्तर, काम ते काम.” माझंच वाक्य होतं ते. मी वर्गात बोलायचो ते.

मी चौघींना परत आणलं. ते सोपं नव्हतं. एकीचे वडील माझ्यावर चिडले, कारण दरमहा येणारे पैसे बंद झाले होते. त्यांचं चिडणं मला समजत होतं. पुढे तिघींना वेगळ्या ठिकाणी वायंडिंगचं काम मिळालं. चौथीचं लग्न झालं. ती पेठला असते, एवढंच मला माहीत आहे. तिच्या हातात मला काही देता आलं नाही, याची खंत आजही आहे.

तेव्हापासून मी दोन नियम केले आणि निवृत्तीपर्यंत पाळले. पहिला, कुठल्याही मालकाला मूल देण्याआधी मी विचारायचो, ‘तुम्हाला स्वतःला जे सगळ्यात चांगलं येतं, ते याला शिकवणार का?’ त्रिशुळातून त्रिशूळ. बरेच जण या प्रश्नाने चिडले. काहींनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि बोलू लागले. दुसरा नियम असा, की आवडीचा रकाना वर्षाच्या शेवटी भरायचा नाही. जे मूल कधी प्रयोगशाळेत गेलं नाही, रोपवाटिकेत राहिलं नाही, शीतगृहाच्या आत पाऊल टाकलेलं नाही, त्याला आवड काय विचारता? माहीत असलेल्या दोन गोष्टींतून निवडणं ही निवड होत नाही. म्हणून अकरावीच्या दिवाळीपासून मी मुलांना तीन-तीन, चार-चार दिवस वेगवेगळ्या ठिकाणी पाठवू लागलो. बापाच्या कामाच्या ठिकाणीही पाठवायचो, कारण तेही एक दार आहे आणि ते अण्णांसारखं बंद करणं मला मान्य नव्हतं. काही मुलं हिंडून-फिरून बापाच्याच कामावर परत आली. पण त्यांच्या परतण्यात खाली घातलेली मान नव्हती.

त्या सुरगाण्याच्या मुलाचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसतिगृहावर गेलो आणि त्याच्यासमोर तो फॉर्म फाडला. त्याला वाटलं मी रागावलोय. मी त्याला कोरा फॉर्म दिला, म्हटलं, घाई नाही, परीक्षा होऊ दे. मार्चनंतर तो चार जागी राहून आला. पॅकहाऊसमध्ये त्याचा जीव रमला नाही, खताच्या दुकानात तर मुळीच नाही. माती आणि पानदेठ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो तीन दिवसांसाठी गेला आणि आठ दिवस राहिला. परत आला तो बोलतच आला. आजपर्यंत वेल बाहेरून बघत होतो, सर. देठात नत्र किती, पालाश किती, हे कळलं की वेल आतून दिसते. त्या दिवशी त्याने रकाना भरला. अक्षर वाईट होतं, पण शब्द त्याचे होते.

तो आता त्याच प्रयोगशाळेत आहे. हंगामात बागाईतदार पानदेठाच्या पिशव्या घेऊन येतात आणि त्याच्या टेबलासमोर थांबतात. त्याचा बाप अजून छाटणीला येतो, आणि ज्या बागेत काम करतो त्या बागेचे नमुने मालक त्याच्याच हाती मुलाकडे पाठवतो.

नाशिकहून गडावर जाणाऱ्यांची वाट दिंडोरी, वणी, नांदुरी अशी आहे. तुमचं वर्कशॉप असेल, रोपवाटिका असेल, दवाखाना, छापखाना, गॅरेज, हिशेबाची पेढी, काहीही असेल, तर येताना किंवा जाताना वणीत अर्धा तास थांबा. गावातल्या कुठल्याही शाळेत जा आणि सांगा, की दिवाळीच्या सुट्टीत एक मूल चार दिवस माझ्याकडे पाठवा. त्याला जेवू घाला, एसटीचं भाडं द्या, आणि तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं हत्यार त्याच्या हातात द्या.